एक कप बदामाची पूड

दि. ३ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पत्र बघताच तू म्हणशील, दादाचं काहीतरी काम अडलं असणार, त्याशिवाय तो हातात पेन धरायचा नाही. बरोबर ओळखलंस. पण आधी खुशाली. तुझी वहिनी बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा मी जास्त कुरकुरतो, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. भट्टीकाका नेहमीसारखे. बाबा गेले, मी टकला झालो, आपल्या बेकरीची पाटी दोनदा बदलली, पण काका अजून पहाटे सर्वांच्या आधी भट्टीपाशी हजर. या महिन्यात त्यांना आपल्याकडे चौतीस वर्षं झाली.

आता काम. मोठ्या इस्पितळाच्या उपाहारगृहाने आपल्याकडे केक मागितले आहेत. बदामाचा आणि अक्रोडाचा, आठवड्याला तीस-तीस. एवढं मोठं काम बाबांच्या वेळीही आलं नव्हतं. अट एकच: प्रत्येक केक सारख्या वजनाचा हवा आणि कृतीतला प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये लिहून द्यायचा. तिथे रोग्यांचं खाणं मोजूनमापून असतं. त्यांच्या आहाराच्या बाईंना कपभर, मूठभर, अंदाजाने असलं काही चालत नाही.

आणि आपलं तर सगळं कपावर. मैदा, साखर, लोणी यांचं मी बघून घेतलं, कारण ती वजनानेच येतात. अडलंय ते बदाम, अक्रोड आणि काजूंपाशी. कुठे अख्खे, कुठे तुकडे, कुठे पूड. आपला काटा पोती तोलायचा. त्यावर कपभर बदाम ठेवले तर त्याला पत्ताही लागत नाही. नवा बारीक काटा यायला पंधरा दिवस लागतील, आणि त्यांना कागद त्याआधी हवा. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत नाजूक तराजू असतोच. आपला कप काकांनी दुधाच्या मापाने पाणी ओतून मोजला, बरोबर दोनशे चाळीस मिलिलिटरचा आहे. तेवढाच कप घे आणि कशाचे किती ग्रॅम होतात त्याचा तक्ता करून धाड. गणिताची पदवी घराण्यात एकीनेच घेतली, तिचा आम्हालाही उपयोग होऊ दे.

पोरांचे पेपर तपासून झाले की जेवत जा. लोभ आहेच, तो पत्रोत्तराने वाढतो हे ध्यानात ठेव.

तुझा,
दादा


दि. १५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनींच्या गुडघ्याला माझा नमस्कार सांग. तुझ्यासोबत इतकी वर्षं उभं राहायचं म्हणजे गुडघा कुरकुरायचाच.

सोबत तक्ता पाठवते आहे. एक कप बदाम म्हणजे १४० ग्रॅम. तुला तुकड्यांची आणि पुडीची काळजी पडली होती, पण बदाम अख्खा असो की दळलेला, त्याचं वजन कुठे पळून जात नाही. म्हणून सगळीकडे १४० लिहिलं आहे. अक्रोड आणि काजूही थोड्याफार फरकाने तेवढेच भरतात, हिशेबाला १४०च धर. म्हणजे तुझ्या बदामाच्या केकच्या एका घाण्याला आठ कप पूड लागते ती ११२० ग्रॅम आणि अक्रोडाच्या घाण्याला सहा कप, म्हणजे ८४०. प्रत्येक जिन्नस तीन-तीनदा तोलून पाहिला आहे, तेव्हा निर्धास्तपणे कागद दे.

इथे वार्षिक परीक्षा तोंडावर आहे. एकशे ऐंशी पेपरांचा गठ्ठा टेबलावर माझ्याकडे बघत बसलाय. काकांना नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, लहानपणी मैद्याच्या पोत्यावर बसवून ज्या पोरीला तुम्ही बदाम मोजायला शिकवलंत, ती आता तुम्हाला बदाम मोजून देते आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मास्तरीण


दि. ८ मार्च

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

गेले काही दिवस फार वाईट गेले. कुणाजवळ तरी बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितो.

पहिली खेप सपशेल बिघडली. बदामाचे केक मधोमध बसले, तळाला तेल सुटलं, सुरी लावली की भुगा. अक्रोडाचे तर साच्यातून काढतानाच मोडले. तिकडून साठातले पन्नास परत आले. काका म्हणाले की पूड फार होतेय, मिश्रण हाताला जड लागतंय. मी म्हटलं, तक्ता तीनदा तोलून केलेला आहे, तुम्ही फेटण्यात कमी पडला असाल.

दुसरी खेप झकास झाली. मी खूश. चार दिवसांनी आहाराच्या बाईंची चिठ्ठी आली: कागदावर केक साडेचारशे ग्रॅमचा लिहिलाय, प्रत्यक्षात चारशेदहा भरतो, हे चालणार नाही. मी भट्टीकडे गेलो तर नव्या काट्यावर फडकं टाकलेलं, आणि काका आपला जुना कप घेऊन पूड घालताहेत. दुसरी खेपही त्यांनी तशीच केली होती.

मग माझा तोल गेला. काय बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. म्हटलं, चौतीस वर्षं झाली तरी आकडा वाचता येत नाही का? म्हटलं, तुमचे हात गेले आता, आणि हट्ट मात्र जात नाही. केकचे खोके बांधणारी बाई आणि ट्रे लावणारे दोघे भाऊ तिथेच होते. कुणी मान वर केली नाही. काकांनी अंगावरचा एप्रन काढला, झटकला, नीट घडी करून ओट्यावर ठेवला आणि मागच्या दाराने गेले. आज चार दिवस झाले, आलेले नाहीत.

तेव्हापासून मी स्वतः करतोय, तक्त्याबरहुकूम, ग्रॅमचाही फरक न करता. तरी केक बसतोच. म्हणजे माझाच हात वाईट. इस्पितळाने अजून एक संधी दिली आहे, महिनाअखेरपर्यंत. तुला काही सुचत असेल तर कळव.

आशीर्वाद आहेतच. या वेळी चार शब्द धीराचे तूच धाड.

दादा


दि. २० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला काही सुचलं नाही. वर्गात फळ्यावर गणित मांडलं आणि सोडवायचंच विसरले. पोरं हसली.

तू स्वतःच्या हाताला दोष देऊ नकोस. मी सगळं पुन्हा तोललं. नवा तक्ता असा: एक कप अख्खे बदाम १४०, बदामाचे तुकडे १२०, बदामाची पूड ९६. अक्रोडाच्या अख्ख्या पाकळ्या १००, तुकडे ११८. काजू १३०. म्हणजे बदामाच्या घाण्याला पूड ७६८ ग्रॅम आणि अक्रोडाच्या घाण्याला पाकळ्या ६०० ग्रॅम. काट्याऐवजी कधी कपाने घेतलंस, तर पूड दाबून भरायची नाही. अक्रोड आधी मोजायचे आणि मग चिरायचे. आधी चिरून मोजलेस तर जास्त जातील. केकचं वजनही बदलेल, तेव्हा इस्पितळाला नवा कागद दे.

आधीच्या तक्त्यात फरक कसा पडला म्हणशील, तर बहुधा कपाचा घोटाळा असावा. पाणी काठोकाठ भरून मोजलं गेलं असेल आणि आपण जिन्नस भरतो तो काठाच्या जरा खाली. अशा गोष्टी होतात.

काका कुठे आहेत? तू त्यांच्या घरी गेला होतास का? ते काय करतात, त्यांची तब्येत कशी आहे, सगळं सविस्तर कळव. आणि त्यांना परत बोलाव. लवकर बोलाव.

राग धरू नकोस, लोभ धर.

तुझी,
मास्तरीण


दि. २ एप्रिल

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तू वाचवलंस. नव्या तक्त्याने केले आणि साठच्या साठ केक उभे राहिले. सुरी लावली तर लोण्यातून जावी तशी. आहाराच्या बाईंनी नवा कागद मान्य केला. वहिनीने तुझ्या नावाने एक केक बाजूला काढला आणि तो आम्हीच खाल्ला.

काकांना बोलाव म्हणतेस. मीही तेच म्हणत होतो, पण तुझं पत्र वाचून उलटा विचार आला. कप चुकला म्हणतेस, तो मोजला कोणी? त्यांनीच ना. पाणी त्यांनी काठोकाठ भरलं, आकडा त्यांनी चुकीचा दिला, आणि बोलणी खाल्ली म्हणून रुसून बसले तेही तेच. मी जास्त बोललो हे कबूल. पण मुळातली चूक त्यांची निघाली तर मी पाय धरायला का जाऊ? येतील तेव्हा येतील.

तुझ्या एकशे ऐंशी पेपरांना शुभेच्छा. आशीर्वादात काटकसर नाही.

दादा


दि. ६ एप्रिल

प्रिय वन्संस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

दादांच्या पत्रामागोमाग माझंही येतंय म्हणून घाबरू नका. गुडघा ठीक आहे. हे पत्र मी पोस्टात स्वतः टाकते आहे.

परवा भाजीवाल्याकडून येताना मी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या मागच्या गल्लीतून आले. तिथल्या स्वयंपाकघराच्या पायरीवर काका बसले होते. पुढ्यात गाजरांची टोपली, हातात सुरी. मला बघून उठले, हात पुसले, दुकानातल्या सगळ्यांची चौकशी केली. भट्टीचं काम नाही का मिळालं असं मी विचारलं, तर म्हणाले की मागितलं नाही, आता चिरण्याचंच बरं. आणि मग गाजराचे तुकडे हातात घेऊन मला विचारलं, हे सारखे झालेत का गं, की लहानमोठे दिसतात? वन्सं, ते थट्टेने विचारत नव्हते.

घरी येऊन मी तुमचे दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. मी काही गणिताची बाई नाही, सातवीनंतर शाळा सुटली. पण मला एक कळत नाही. कप काठोकाठ भरल्यामुळे घोटाळा झाला असेल, तर सगळेच आकडे सारख्या हिशेबाने खाली यायला हवेत. अख्खे बदाम मात्र दोन्ही तक्त्यांत १४०च आहेत. पूड १४० वरून ९६ वर आली, अक्रोड १०० वर आले, आणि अख्खे बदाम जागचे हलले नाहीत. कप तोच, मग हे कसं?

मी यांना काही बोललेले नाही आणि बोलणारही नाही. पण ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की काकांनी कप चुकीचा मोजला. बांधणाऱ्या बाईलाही सांगितलं, आणि ती काकांच्या शेजारीच राहते. तेव्हा जे पत्र यायचं ते तुमच्याकडून आणि लवकर यावं.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही दोन वेण्या घालायचात आणि माझ्या पदराआड लपायचात. अजूनही लपा, पण या बाबतीत नको. माझा जीव आहे तुमच्यावर, म्हणून लिहिलं.

तुमची,
वहिनी


दि. १४ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र एकट्याने वाच आणि शेवटपर्यंत वाच.

काकांचा कप बरोबर होता. तो दोनशे चाळीसचाच आहे. चूक माझी आहे, आणि नुसती चूक नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी पेपरांत बुडाले होते. प्रयोगशाळेतला तराजू मला मधल्या सुट्टीपुरता मिळाला. घरात अर्धा डबा बदाम होते. एक कप अख्खे बदाम तोलले, एकदाच. १४० भरले. बदाम दळायचे तर मिक्सर काढा, धुवा. अक्रोड-काजू आणायला बाजारात जा. मला कंटाळा आला. मनाशी म्हटलं, दळल्याने काही वजन घटत नाही. ते खरंच आहे, १४० ग्रॅम बदाम दळले तर १४० ग्रॅमच पूड होते. पण ती एका कपात मावत नाही रे, दीड कप होते. म्हणजे एक कप पुडीत तेवढं वजन नसतंच. आठवीतल्या पोराने हे विचारलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. मला स्वतःला विचारावंसं वाटलं नाही. अक्रोड, काजू यांना तर मी हातही लावला नव्हता. आणि तरी तुला लिहिलं, तीन-तीनदा तोलून पाहिलं.

तुझं मार्चचं पत्र आलं त्याच दिवशी मी अक्रोड आणले, बदाम दळले, सगळं तोललं आणि कपभर पूड ९६च भरली. तेव्हाच तुला खरं लिहायला हवं होतं. त्याऐवजी कपाची गोष्ट रचली. मला वाटलं, आकडे दुरुस्त झाले की सगळं दुरुस्त होईल, आणि कपाला काय, त्याला थोडंच वाईट वाटणार आहे. तो कप काकांनी मोजला होता हे तुझ्याच पत्रात होतं. ते मी विसरले होते असं म्हणायचं होतं, पण खरं लिहायचंच ठरवलंय तर तेही लिहिते: विसरले नव्हते. पाकीट बंद करताना आठवलं होतं. तरी बंद केलं.

काका बरोबर होते. जड लागतंय म्हणाले, ते खरं होतं. त्यांचा हात माझ्या तराजूपेक्षा खरा निघाला आणि त्याच हाताला आपण दोघांनी मिळून घरी बसवलं. मी त्यांनाही आजच वेगळं पत्र लिहिते आहे. त्यात हेच सगळं आहे, एक शब्द कमी नाही.

तू रागावशील ते योग्यच आहे. लोभ असावा असं लिहायला हात होत नाही. जो असेल तो ठेव.

तुझी,
धाकटी


दि. २७ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून दहा दिवस फिरलो. पहिले पाच दिवस तुझ्यावर संतापलेला होतो. मनातल्या मनात तुला इतकं बोललो की ते कागदावर आलं असतं तर पोस्टमनने दंड केला असता. आकडा चुकला ते मी सोडून देईन. पण काकांवर बालंट येतंय हे दिसूनही तू पाकीट बंद केलंस, ते माझ्या घशाखाली उतरत नाही. हे मोकळेपणाने सांगतो.

उरलेले पाच दिवस मात्र वेगळे गेले. मला एक गोष्ट आठवत राहिली, जी मी तुला लिहिली नव्हती. वहिनीलाही सांगितली नव्हती. पहिली खेप परत आली त्या संध्याकाळी काकांनी मला हाक मारून काट्याजवळ बोलावलं होतं. त्यांनी दोन कप भरून ठेवले होते, एकात अख्खे बदाम, दुसऱ्यात पूड. म्हणाले की जरा दोन्ही काट्यावर ठेवून बघ. अर्ध्या मिनिटाचं काम. मी बघितलं नाही. म्हटलं, माझी बहीण गणित शिकवते, तुम्ही मला शिकवू नका. आणि निघून गेलो. तू शंभर मैलांवरून खोटं लिहिलंस, पण खरं माझ्यापुढे हातभर अंतरावर ठेवलं होतं आणि मी पाठ फिरवली. तुला शिव्या द्यायला गेलो की ते दोन कप डोळ्यांपुढे येतात.

काल वसतिगृहापर्यंत गेलो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि परतलो. काय बोलणार? चूक तिची होती म्हणू? की कप मी पाहिले नाहीत म्हणू? दोन्ही खरं आहे आणि दोन्ही तोंडातून निघत नाही.

वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली की मला माहीत होतं. या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं.

रागावलोय, पण भाऊ तुझाच आहे.

दादा


दि. १२ मे

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

आकडा चुकतो. मी पहिल्या वर्षी चाळीस पावांत साखरेच्या जागी मीठ घातलं होतं. तुझे बाबा हसले होते. तेव्हा आकड्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

पण तीनदा तोललं असं तू लिहिलंस. तुझ्या दादाने ते मला वाचून दाखवलं. मला माझा हात सांगत होता की हे जड आहे. दोन कप काट्यावर ठेवून मी स्वतः पाहिलंही होतं, काटाही तेच सांगत होता. तरी घरी गेल्यावर वाटायला लागलं की बाळी खोटं लिहिणार नाही. म्हणजे कपात पूड भरताना माझाच हात हलका पडत असेल, किंवा नव्या काट्याचा आकडा मला वाचता येत नसेल. मी हाताला काही बोललो नाही, पण त्याच्यावरचा विश्वास उडाला. दुसरीकडे भट्टीचं काम मागितलं नाही ते त्यामुळे. महिनाभर गाजरं चिरून बघत होतो, सारखी होतात का. तुझं पत्र आल्यावर त्या दिवशी बघितलं नाही.

माफी मागतेस. पत्रात मागितलेली माफी माझ्या घरातच राहते. मला बोललं गेलं ते दुकानात, तिघांच्या समोर. तुला सांगायचं असेल तर तिथे येऊन सांग. मी हजर राहणार नाही. बांधणारी बाई शेजारीच राहते, मला कळेल.

दादावर राग आहे. तो त्याचा त्याला फेडू दे, तू मध्ये पडू नकोस.

जेवत जा. आवाज बारीक झाला होता तुझा, मागे आली होतीस तेव्हा.

काका


दि. ३१ मे

प्रिय वहिनीस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचले. तुम्ही डब्यात घातलेलं निम्मं वाटेतच संपलं.

तुम्ही त्या दिवशी मुद्दाम आत निघून गेलात हे मला कळलं. मी एकटीने बोलावं म्हणून ना? वर्गात साठ पोरांपुढे रोज बडबडते, पण त्या तिघांपुढे पहिलं वाक्य तीनदा सुरू करावं लागलं. बांधणाऱ्या बाई दोरा तोडायच्या थांबल्या. मी सांगितलं की मी तोललं नव्हतं, खोटं लिहिलं होतं, कप बरोबर होता आणि काका बरोबर होते. दोघा भावांतला थोरला जमिनीकडे बघत म्हणाला की आम्हाला तेव्हाच वाटलं होतं, पण आम्ही बोललो नाही. मला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. फक्त आता ते मला एकटीलाच माहीत नाही, एवढंच.

बांधणाऱ्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं की शिकलेल्या माणसाचं खोटं लवकर पकडलं जात नाही, म्हणून त्याने जास्त जपायचं असतं. मी ते ऐकून घेतलं.

दादा माझ्याशी नीट बोलला, पण काकांचा विषय निघाला की उठून साचे पुसायला लागायचा. त्याला ढकलू नका, पण सोडूही नका. तुम्हाला ते जमतं.

शाळा सुरू झाली की पहिल्याच दिवशी मी पोरांना कप आणि तराजू घेऊन बसवणार आहे. स्वतःची गोष्टही सांगेन. किती सांगायची ते अजून ठरलं नाही.

माझ्यावरचा जीव तसाच असू द्या. मी त्याला जागेन.

तुमची,
वन्सं


दि. १९ जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या शाळेच्या गडबडीत हे पत्र वाचायला सवड काढ. मोठं नाही.

तू जाऊन आठ दिवस झाले नाहीत तोच वहिनी वसतिगृहात गेली आणि काकांना म्हणाली की मला केक शिकायचाय, तुम्ही शिकवा. ते म्हणाले की नोकरी सोडणार नाही, आता तिथली पोरं सवयीची झाली आहेत, पण गुरुवारी दुपारी मोकळा असतो. तेव्हापासून गुरुवारी येतात. मागच्या दारानेच येतात. वहिनीला शिकवतात, ती प्रत्येक जिन्नस आधी कपाने आणि मग काट्याने घेते, दोन्ही वहीत लिहिते. मी पहिल्या गुरुवारी मालाच्या चौकशीला बाजारात गेलो. दुसऱ्या गुरुवारी दाढी करायला गेलो. वहिनी म्हणाली की पुढच्या गुरुवारी काय, दात काढायला जाणार का?

काल गुरुवार होता. मी गेलो नाही. ते आल्यावर त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि म्हटलं की तुम्ही दोन कप दाखवायला बोलावलंत तेव्हा मी बघितलं नाही, आणि तुमच्या हातांबद्दल बोललो ते खोटं होतं. दोघे भाऊ होते, बांधणारी बाई होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पूड चाळत राहिले. मला वाटलं, संपलं. तरी मी तिथून हललो नाही. ओट्याच्या कडेला उभाच राहिलो, चांगली वीस-पंचवीस मिनिटं. काय करायचं असतं ते कळत नव्हतं.

मग त्यांनी चाळणी झटकली आणि मान वर न करता म्हणाले, मैदा सरकव.

मी सरकवला.

एवढंच झालं. पुढे काही बोलले नाहीत, जातानाही वहिनीलाच सांगून गेले. पण तुला कळवावंसं वाटलं.

पुढच्या गुरुवारी मी दुकानातच आहे.

तुझा,
दादा